आबा सुरतला गेलेच नव्हते

बाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

(या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. तिन्हींत कोरोना आहे. नावं आणि ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्या आहेत.)

प्रश्न : नमस्कार बाई. मी शिंदखेडा तालुक्यातली. माझा मुलगा अकरा वर्षांचा, पाचवीत आहे. अभ्यासात बरा, खोड्या नाहीत, उलट वयाच्या मानाने जास्तच शहाणा. पण घरात कोणी खोकलं की त्याचं तोंड उतरतं. मागच्या महिन्यात वर्षाचं तिखट करायला घेतलं. दोंडाईच्याहून दहा किलो मिरची आणली होती. भाजताना घरभर ठसका उठला. आम्ही सगळ्याजणी हसत-खोकत होतो आणि हा कुठे दिसेना. शोधलं तर मागे गुरांच्या गव्हाणीजवळ कानांवर हात ठेवून बसलेला.

दुसरं म्हणजे त्याचे पप्पा महिन्यातून दोनदा पिकअप घेऊन सुरतला माल पोचवायला जातात. ते निघाले की याचं पोट दुखतं, उलटी होते. नाशिकला, जळगावला गेले तर काही नाही, फक्त सुरतला गेले की. मग तासातासाला मला फोन लावायला लावतो. नवापूरच्या पुढे कधी रेंज गेली तर जेवतही नाही.

माझे सासरे, आबा, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेले. हा तेव्हा सहा वर्षांचा. आबांचा फार लाडका, झोपायचाही त्यांच्याच खाटेवर. (आधी यालाच दोन दिवस ताप येऊन गेला होता, मग आबांना आला.) आबांचा ऑक्सिजन ८६ वर आला तेव्हा धुळ्याला नेलं. स्वतः चालत जाऊन गाडीत बसले. तीन दिवस फोनवर बोलत होते, चौथ्या दिवशी फोन बंद. त्यांना घरी आणूच दिलं नाही, तिकडेच सगळं झालं. याला काय सांगावं ते सुचेना, म्हणून आम्ही सांगितलं की आबा सुरतला आत्याकडे गेले. पुढे शाळा सुरू झाल्यावर पोरांकडून त्याला कळलं असेलच. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. त्याने कधी विचारलं नाही, आम्हीही विषय काढला नाही. आता पाच वर्षं होत आली, जुनं कशाला उकरायचं?

मागच्या आठवड्यात त्याच्या दप्तराच्या खालच्या कप्प्यात आबांचा बटणांचा फोन सापडला. त्याचं सिम कधीच बंद झालंय. पण फोन फुल चार्ज होता.

शाळेतले सर म्हणतात, मन घट्ट करायला शिकवा. सासूबाई म्हणतात, नजर लागली, उतरवून टाका. डॉक्टरकडे न्यायचं का? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी दरवर्षी त्याला घेऊन माहेरी जाते, तेवढे चार दिवस मात्र तो खुशीत असतो.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय. त्याच्याकडे येते. आधी सुरतचं बोलू.

तुम्ही सगळं स्वतःच लिहिलंय, फक्त एकापुढे एक ठेवलेलं नाही. तुमच्या घरात एक माणूस ‘सुरतला’ गेला आणि परत आला नाही. नाशिकला आणि जळगावला गेलेली माणसं परत येतात. मग मुलगा नाशिकला का घाबरेल? तो सुरतलाच घाबरणार. आपल्याकडे सुरतला कोणाची आत्या नाही, कोणाचा काका नाही? सुरतच्या उधन्यात कितीतरी वस्ती खानदेशची. त्यामुळे ‘सुरतला गेले’ हे खोटं तुमच्या तोंडून सहज निघालं, त्यात कपट नव्हतं. त्या एप्रिलमध्ये बेड मिळत नव्हता, रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनसाठी माणसं रात्ररात्र हिंडत होती, ज्याला त्याला सीटी स्कॅनचा ‘स्कोर किती?’ एवढंच विचारलं जात होतं. तशात सहा वर्षांच्या पोराला नीट काय सांगावं याचा विचार कोण करणार? मी तुम्हाला दोष देत नाही. पण ते खोटं अजून तुमच्या घरात आहे आणि मुलगा त्याच्याभोवती एकटाच फिरतोय.

फोनचंही तसंच. आबा फोनवर बोलत होते तोवर होते. फोन बंद झाला आणि ते संपले. त्यांच्या मरणाचं त्याने काय पाहिलं? प्रेत नाही, तिरडी नाही, रडणाऱ्या बाया नाहीत, तेराव्याची पंगत नाही. वीस माणसांची मर्यादा होती, त्यात लहान मुलाला कोण नेणार? त्याने पाहिला तो फक्त एक बंद पडलेला फोन. म्हणून तो चार्ज करून ठेवतो. पप्पांची रेंज गेली की त्याच्या पोटात कालवतं ते याचमुळे. आणि खोकला! तुम्हाला आठवत असेल, २०२० च्या मार्चपासून कोणालाही फोन लावला की आधी खोकल्याची उबळ ऐकू यायची आणि मग सूचना. खोकला आणि फोन एकाच तारेत गुंफून सरकारनेच आपल्या सगळ्यांच्या कानात ओतले होते. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या कानात ते राहिलं तर नवल काय?

आता कंस. याला ताप आधी आला, आबांना नंतर. हे तुम्हाला माहीत आहे, सासूबाईंना माहीत आहे. त्याला माहीत नसेल असं कसं धरता? तो आबांच्या खाटेवर झोपत होता. त्या दिवसांत टीव्हीवर, फोनवर, दवंडीत एकच चाललं होतं, मुलांना म्हाताऱ्यांजवळ जाऊ देऊ नका. सहा वर्षांच्या वयात मूल जगातल्या बऱ्यावाईटाची दोरी आपल्याच हाताला बांधलेली समजतं. मी दूध सांडलं म्हणून आई आजारी पडली, असं त्यांचं गणित असतं. तुमच्या मुलाने कोणतं गणित मांडलं असेल, ते मला ठाऊक नाही, पण ‘वयाच्या मानाने जास्तच शहाणा’ हे तुमचे शब्द मला बोचले. मुलं उगाच शहाणी होत नाहीत. काही वेळा ती कसली तरी भरपाई करत असतात.

हे मी एवढ्या ठामपणे बोलतेय, कारण मी स्वतः एकदा हे बघून न बघितल्यासारखं केलं आहे. मी अमळनेरजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. ग्रामीण भागातली पहिली ते चौथी १ डिसेंबर २०२१ ला उघडली. पावणेदोन वर्षांनी वर्ग भरला. मी काय केलं असेल? सेतू अभ्यासक्रमाच्या पुस्तिका काढल्या. जुलैपासून पंचेचाळीस दिवसांत मागचं वर्ष भरून काढायचं असं ते होतं, आमचं तेवढंही झालेलं नव्हतं. मुलांना म्हटलं, झालं गेलं विसरा, आता नव्या दमाने सुरुवात. तिसरीतली एक मुलगी सारखी पाण्याच्या टाकीवर जायची. तासात चार-चारदा. मी ओरडले, पाणी वाया घालवू नकोस, बैस खाली. थंडीचे दिवस होते, तिचे हात भेगाळून लाल झालेले मला दिसले, पण मला वाटलं थंडीने उललेत, घरी व्हॅसलीन लावायला सांगितलं. संक्रांतीच्या सुमारास तिची काकू भेटली तेव्हा कळलं. आजी गेली त्या दिवशी घरात कोणीतरी रागाच्या भरात बोललं होतं, ‘हात धुवा म्हणून किती सांगितलं, कार्टी ऐकेल तर ना!’ ज्याने म्हटलं तो विसरलाही होता. ती पोर मात्र आठ महिने हात धूत होती. आणि तिची बाई, म्हणजे मी, तिला पाणी वाया घालवते म्हणून रागावत होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला लाज वाटावी असे दोन-तीन प्रसंग आहेत, त्यातला हा एक.

त्याच वर्गात मुलं मधल्या सुट्टीत ‘कोरोना-कोरोना’ खेळायची. एक पोलीस, एक डॉक्टर, एक पेशंट, दोघं ॲम्ब्युलन्स. पेशंट रोज मरायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला आणि बंद करा म्हणणार होते. नंतर वाटलं, राहू दे. मोठ्यांनी जे सांगितलं नाही ते ही पोरं आपसात सांगताहेत. महिनाभर पेशंट मेला. मग एकदा ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला वाटेतच उतरवून दिलं. मग खेळाचा कंटाळा आला आणि विटीदांडू सुरू झाला. तुमच्या मुलाला हा खेळ खेळायला मिळाला नसावा. त्याचं सगळं दप्तराच्या खालच्या कप्प्यात राहिलं.

तेव्हा जुनं उकरू का, या प्रश्नाला माझं उत्तर, उकरा. ते त्याच्यासाठी जुनं झालेलंच नाही.

कसं ते सांगते. फोन सापडल्याचं त्याला सांगितलंय का? नसेल तर चोरी पकडल्यासारखं नको. तो फोन हातात घेऊन त्याच्या पप्पांनी बसायचं. तुम्ही नाही, पप्पांनी, कारण सुरतला तेच जातात आणि आबा त्यांचे वडील. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच बोलायचं. शाळेच्या भाषेत सांगितलेलं पोराला शाळेचंच वाटतं. ‘आबा सुरतले गयेल नव्हतात. आम्ही तुले खोटं सांगं व्हतं.’ एवढं वाक्य आधी, आणि मग गप्प. पुढचं वाक्य त्याला बोलू द्या. पाच मिनिटं तो काही बोलला नाही तरी चालेल. चहा घ्या.

मग जे घडलं ते क्रमाने सांगायचं. कोणत्या दिवशी ताप आला, कोणत्या गाडीतून नेलं, आबा शेवटच्या फोनवर काय म्हणाले, कोणी अग्नी दिला, तिथे कोण होतं, अस्थी कुठे सोडल्या. मूल विचारेल, दुखलं का त्यांना? खरं तेच सांगा. ‘श्वास घ्यायला त्रास होत होता, डॉक्टर ऑक्सिजन देत होते, मी जवळ नव्हतो आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.’ बापाच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. पोराला आजवर वाटत आलंय की आबांसाठी घरात कोणी रडलंच नाही.

तापाचं मात्र आपण होऊन ‘तुझ्यामुळे झालं नाही हं’ असं म्हणू नका. त्याच्या डोक्यात ते नसेल तर आपण घातल्यासारखं होईल आणि असेल तर त्याला वाटेल, यांनाही तसंच वाटतं. विचारा, ‘आबांना ते कुठून लागलं असेल, तुला काय वाटतं?’ तो म्हणाला ‘माझ्याकडून’, तर घाईघाईने ‘छे छे’ करू नका. त्याला म्हणा, त्या महिन्यात गावात घराघरांत ताप होता, दूधवाल्याकडे होता, किराणा दुकानात होता, मी स्वतः दोनदा बाजारात गेलो होतो. कुठून आला ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. आणि तुला जवळ घ्यायचं की नाही हे मोठ्यांनी ठरवायचं होतं. आबांनी ठरवलं. त्यांना तू खाटेवर हवा होतास. हे शेवटचं वाक्य खोटं नाही, नाही का? म्हणूनच ते सांगा.

आणि आता जे मागणार आहे ते तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे. यंदाची आखाजी सासरी करा.

आखाजीचं माहेर म्हणजे काय हे मला सांगू नका, मीही गौराईपुढे नाचलेली, लिंबाच्या झोक्यावरून पडून दात पाडून घेतलेली बाई आहे. भाऊ मुऱ्हाळी बनून न्यायला येतो आणि आपण पिशवी भरतो, त्या चार दिवसांवर वर्ष निघतं. पण त्याचमुळे एक गोष्ट झाली. तुमच्या घरी दर आखाजीला आबांच्या नावाने घागर पुजली जाते आणि तुमच्या मुलाने ती एकदाही पाहिलेली नाही. २०२१ ची आखाजी १४ मेला होती, आबा नुकतेच गेलेले, सगळं बंद, ती तशीच गेली. त्यानंतर दरवर्षी तो मामाकडे. आबांना निरोप देण्याची जी एक जागा आपल्या खानदेशाने ठेवलीय, तिथे नेमका तो गैरहजर.

तेव्हा भावाला म्हणा, यंदा एक दिवस उशिरा ये. रुसेल, रुसू दे. घागर विकत आणायला मुलाला बरोबर न्या. कुंभाराकडून निवडून त्यानेच आणू दे. पाणी त्याने भरू दे. वर डांगर (खरबूज), आंबे, सांजोरी तुमच्याकडे असेल त्या रीतीने. आमच्याकडे जुनी माणसं घागर पुजल्याशिवाय आंबा तोंडात घालत नसत. आबांचं काय होतं? त्यांना खापरावरची पुरणपोळी आवडायची की नुसता आमरस? सासूबाईंना सांगायला लावा. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढताना एकेका पितराचं नाव घेतात, तेव्हा आबांचं नाव त्याने घ्यायचं, मोठ्याने. तो फोन घागरीजवळ ठेवतो म्हणाला तर ठेवू द्या. नंतर परत दप्तरात ठेवतो म्हणाला तरी ठेवू द्या. तो काढून घेऊ नका, आपणहून चार्ज करायचा विसरेल तेव्हा विसरेल.

सुरतच्या फेऱ्यांसाठी साधा उपाय. तासातासाचा फोन बंद करायचा नाही आणि वाढवायचाही नाही. निघण्याआधी पप्पांनी त्याच्याबरोबर कागदावर लिहायचं, किती वाजता निघणार, चहाला कुठे थांबणार, रेंज कुठे जाते, किती वेळ जाते, पोचल्यावर फोन किती वाजता. रेंज जाणार हे आधीच सांगितलेलं असलं की बंद फोनचा अर्थ बदलतो. सुट्टीत एकदा त्याला पिकअपमध्ये शेजारी बसवून सुरतला नेऊनच आणा. आत्याच्या घरी जेवा. सुरत हे एक गाव आहे, तिथे ट्रॅफिक आहे, नाश्त्याला लोचो मिळतो आणि तिथून माणसं परत येतात, हे त्याच्या डोळ्यांनी बघू द्या.

मिरचीचा ठसका लागला तर त्याला लांब पाठवू नका, खोकत खोकतच नाव घेऊन हाक मारा. ‘हा मिरचीचा आहे रे’ एवढंच. शाळेतल्या सरांना नमस्कार सांगा, मन घट्ट करायला त्याला कोणी शिकवायची गरज नाही, सहाव्या वर्षापासून तो तेच करतोय. सासूबाईंना नजर उतरवू द्या, त्यांच्या हाताचा स्पर्श होईल तेवढाच फायदा. फक्त मीठ-मोहरीवर भागवा. चुलीत मिरची टाकलीत तर पुन्हा ठसका.

डॉक्टरचं विचारलंत. हे सगळं करून महिना-दीड महिन्यात उलट्या, न जेवणं कमी झालं नाही, झोप उडाली, शाळा बुडू लागली तर जरूर दाखवा, धुळ्याला मानसोपचार तज्ज्ञ आहेत. आणि तो कधीही ‘मला आबांकडे जायचंय’ अशा अर्थाचं बोलला तर त्याच दिवशी. टेली-मानस म्हणून सरकारची फोनसेवा आहे, १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आधी तुम्हीच लावून बघा. तुमच्याही सासऱ्यांना जाऊन पाच वर्षं झालीत आणि तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल एक ओळ नाही.

प्रश्न : रावेर तालुक्यात केळी कटाईच्या टोळीत आहे. मुलगी नववीत. लॉकडाऊन लागलं तेव्हा तिसरीत होती. पहिल्या तीन वर्षांत नंबरात यायची. आता आठवड्यातून दोन-तीन दिवस पोट दुखतं म्हणून शाळेत जात नाही. सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. नुसती मोबाईल घेऊन पडते. घरात तेव्हा एकच फोन होता, तो माझ्याबरोबर बागेत, मग तिचा अभ्यास बुडाला हे मान्य. पण ते कधीचं झालं. आता दहावीला नापास होण्यापेक्षा घरी बसवावी असं घरचे म्हणतात. — एक वडील

उत्तर : भाऊ, पोटदुखी कोणत्या दिवशी असते ते एकदा वेळापत्रक घेऊन बघा. माझा अंदाज आहे की ज्या दिवशी मराठीचा नाहीतर इंग्रजीचा तास वाचनाचा असतो, त्या दिवशी. सोनोग्राफीत ती दिसत नाही आणि ती खोटीही नसते. भीतीने पोट खरंच दुखतं. दादागिरीने पैसे मागणारा माणूस समोर आला की तुमचं दुखत नाही का?

तुमची मुलगी चौथीत गेलीच नाही, हे लक्षात घ्या. मार्च २०२० ला तिसरीतून उठली आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला खेड्यातले पाचवीचे वर्ग पुन्हा भरले तेव्हा एकदम पाचवीत बसली. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं, चौथीपासून वाचून शिकायला लागतं. तीच पायरी तिच्या जिन्यात नाही. पाचवीत तिने ते लपवलं, सहावीत लपवलं, आता नववीत धडाच्या धडा मोठ्याने वाचायला उभं केलं की लपत नाही. जी मुलगी नंबरात यायची, तिला हे ‘ढ’ असण्याहून कठीण जातं. आधीपासून मागे असलेल्याला निदान सवय असते.

तिला सांगू नका की तू मागे पडलीस. तिला ते तुमच्याआधीपासून माहीत आहे. घरात धाकटं भावंड आहे का, किंवा शेजारी दुसरी-तिसरीतलं पोर? त्याला वाचून दाखवायचं काम तिला द्या. रोज वीस मिनिटं, बालभारतीची दुसरीची, मग तिसरीची, मग चौथीची पुस्तकं. लहानासाठी सोपं पुस्तक वाचताना कोणाला लाज वाटत नाही आणि वाचन तिचंही होतं. दिवाळीपर्यंत हे चालू ठेवा. वर्गशिक्षिकेला एकांतात भेटून एवढंच मागा की दोन महिने हिला सर्वांसमोर वाचायला उभं करू नका. बहुतेक बाई ऐकतात. एखादी नाही ऐकली तर मुख्याध्यापकांकडे जा, टोपी काढून नाही, सरळ खुर्चीत बसून.

आणि घरी बसवण्याचं. घरी बसवलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते रावेरमध्येही माहीत आहे आणि अमळनेरमध्येही. सोळाव्या वर्षी मांडव. कायद्याने अठरा आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मोबाईलबद्दल मी मुद्दाम बोलले नाही. पोटदुखी थांबली की बघू, अनेकदा तोही आपोआप बाजूला पडतो. तुम्ही कटाईहून आल्यावर तिला एक विचारा, त्या दीड वर्षात तू दिवसभर काय करायचीस? मला वाटतं आजवर तिला हे कोणी विचारलेलं नाही. तुम्ही बागेत होतात, तिची आईही असेल. नऊ वर्षांची पोर घरात एकटीच होती ना?

प्रश्न : माझा भाऊ आणि वहिनी दोघंही २०२१ मध्ये गेले. भाचा पंधरा वर्षांचा, भाची नऊ. दोघं माझ्याकडे आहेत. येणारा-जाणारा ‘बिचारी पोरं’ म्हणतो आणि दुसऱ्या वाक्यात त्यांच्या नावावरच्या पैशांचं विचारतो. मुलांसमोर पैशांचं बोलावं का? भाचीला आई-बाबा आठवतच नाहीत, तिच्यासमोर त्यांचा विषय काढावा का? — एक आत्या

उत्तर : भाच्यासमोर बोलायचं. नुसतं बोलायचं नाही, कागद दाखवायचे. दोन्ही पालक कोरोनात गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारची ५ लाखांची मुदत ठेव आहे, केंद्राच्या पीएम केअर्स योजनेतून वयाच्या तेविसाव्या वर्षी १० लाख मिळायचे आहेत आणि बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये. यातलं काय-काय मंजूर आहे, काय राहिलंय, ते जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात त्याला बरोबर नेऊन विचारा. फाईल त्याच्या हातात द्या. पंधरा वर्षांच्या मुलाला लोकांच्या कुजबुजीतून आपला पैसा कळणं फार वाईट, उद्या त्याला तुमच्याच हेतूची शंका येईल. आणि ‘बिचारी’ म्हणणाऱ्याला चहाआधी सांगून टाका, हा शब्द आमच्या घरात चालत नाही. एकदा सांगितलं की गावभर होतं.

भाची चार वर्षांची होती, तिला आठवत नाही यात तिचा दोष नाही आणि तिला तसं वाटत असेल तर ते आधी पुसा. आठवण नसली तरी माहिती असू शकते. वहिनी भरीत करताना वांगी काट्यांवर भाजायची की गॅसवर, भाऊ कोणत्या गोष्टीवर चिडायचा, दोघांचं लग्न कसं ठरलं. तिच्या मावशांना, शेजारणींना बोलवा, एकेकीने एकेक सांगू द्या, वहीत लिहून ठेवा. खोटं गोड काही नको, वहिनी चिडकी असेल तर चिडकी म्हणून सांगा.

आणि एक काम मात्र लगेच करा. भाऊ-वहिनीचे जुने मोबाईल कपाटात असतील. त्यांत व्हॉट्सॲपवर पाठवलेले आवाजाचे मेसेज असतात, ‘येताना दही आण’ एवढंसं का होईना. बॅटरी फुगून फोन जायच्या आत ते दुसरीकडे उतरवून घ्या. बसस्टँडजवळचा मोबाईल दुरुस्तीवाला पोऱ्या दहा मिनिटांत करून देईल.